अजिंठ्याचे शिलालेख व त्यांचे वाचन

अजिंठा येथील बौद्ध लेण्यांच्या दर्शनी भागांवर, भिंतींवर व मूर्तींच्या बैठकींवर कोरलेले, तसेच भित्तिचित्रांच्या अनुषंगाने रंगाने लिहिलेले प्राकृत व संस्कृत लेख. ही लेणी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात, अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी असलेल्या फर्दापूर गावापासून सु. ५ किमी. अंतरावर, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील कड्यात खोदलेली आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास शिकारीच्या निमित्ताने ती दृष्टीस पडली. तेव्हापासून त्यांतील चित्रे व शिल्पे जगप्रसिद्ध झाली. परंतु ही लेणी कोणी, कोणाच्या राज्यात व कोणत्या काळी खोदविली, या प्रश्नांची उत्तरे मुख्यतः तेथील थोड्याशा कोरीव लेखांतूनच मिळाली आहेत. यांपैकी सर्वांत महत्त्वाचे लेख उघड्यावर असल्याने फार झिजलेले आहेत. त्यांच्या वाचनाचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक काळाचा असून एका राजवंशाच्या वंशावळीतील दोन नावे चुकीची वाचली गेल्यामुळे विदर्भाच्या इतिहासाची मांडणी कशी बदलली व ती चूक कशी दुरुस्त झाली, हे त्यावरून कळते.

लेखांचे प्रकार : अजिंठ्याचे लेख काळाच्या दृष्टीने दोन गटांत पडतात. पहिल्या गटातील लेख आखूड, प्राकृत भाषेतील व प्राचीन ब्राह्मी लिपीतील आहेत. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीवर ‘वासिठिपुतस कटहादिनो घरमुख दानं’ असा लेख आहे. वासिष्ठीपुत्र कटहादी याने लेण्याच्या मुखाचे, म्हणजे दर्शनी भागाचे दान केले, एवढाच त्याचा अर्थ. वासिष्ठीपुत्र हे मातृनाम काही सातवाहन राजांच्या नावांतही आढळते. पण तेवढ्यावरून कटहादीस राजा ठरविता येत नाही. बाराव्या विहारात घनामदड नावाच्या एका वाण्याच्या दानाचा लेख आहे. हे लेख इसवी सनापूर्वीच्या शतकांतील मानतात. दुसऱ्या गटातील लेख इ. स. च्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून त्यांतील प्रमुख लेख संस्कृत पद्यात आहेत. सोळाव्या लेण्यातील लेख वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याचा, सतराव्या लेण्यातील लेख हरिषेणाच्या काळातील एका मांडलिक राजकुलाचा आणि सव्विसाव्या लेण्यातील लेख बुद्धभद्र या भिक्षूचा आहे. बुद्धभद्राच्या लेखात अश्मक देशाच्या राजाचा सचिव भव्विराज याचा उल्लेख येतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेतच जंजाळ्याजवळ असलेल्या घटोत्कच लेण्यातील लेखही याच गटात मोडतो. यांखेरीज मूर्तींखाली ‘देयधर्मोऽयम्’ अशा ठरीव शब्दांनी सुरू होणारे भिक्षूंच्या दानाचे छोटे लेख आणि चित्रांखालील वा चित्रांमधील रंगीत लेख आहेत.

झिजण्याची कारणे : अजिंठ्याचा खडक दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळणारा काळा बेसाल्ट होय. तो लाव्ह्याच्या थरांचा बनलेला असून त्यात जागोजागी वायूच्या पोकळ्या असतात. खोदकामास तो बळकट असला, तरी बारीक अक्षरे कोरण्यासाठी संगमरवरासारखा एकजीव नाही. सोळाव्या व सतराव्या लेण्यांचे लेख ओसरीच्या डाव्या टोकाकडील बाहेरच्या भिंतीवर आहेत. सुमारे पंधरा शतके पावसाचे पाणी, ऊन व वारा यांचा मारा सोसल्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट झाल्या, काही ठिकाणी खडकाचा पृष्ठभागच निघून गेला. अशा दगडावर नैसर्गिक छिद्र अनुस्वारासारखे दिसते, तर बारीक भेग आकाराच्या किंवा एकाराच्या रेघेसारखी भासते. जुन्या लिपीत अक्षराच्या माथ्यावरील एवढ्याशा रेघेने शब्दाची विभक्ती बदलते, हे लक्षात घेतले, म्हणजे वाचकापुढील अडचण कळून येते. रंगीत लेखांची स्थिती निराळी आहे. ते लेण्यांच्या आत असल्यामुळे पावसापासून बचावले. पण गिलाव्याचे पापुद्रे पडल्याने व रंग उडाल्याने त्यांचीही फार हानी झाली.

लिपीची गुरुकिल्ली : झिजलेला लेख वाचण्यापूर्वी मुळात लिपी कळावी लागते. लेणी उजेडात आली, त्या वेळी ब्राह्मी लिपी कोणासही वाचता येत नव्हती. ती उलगडण्यात ग्रीक लिपीचा वाटा होता. वायव्य भारतात राज्य करणाऱ्या ग्रीक राजांच्या काही नाण्यांवर एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस भारतीय लिपीतील मजकूर असे. अगाथोक्लीझ या राजाच्या अशा द्वैभाषिक नाण्याच्या आधारे १८३६ मध्ये क्रिस्तीआन लासेन या विद्वानाने ब्राह्मीची काही अक्षरे ओळखली. पुढील वर्षी, १८३७ मध्ये, कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप (१७९९–१८४०) याने सांची येथील छोट्या लेखांचे निरीक्षण करताना त्यांपैकी बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत असल्याचे पाहिले व तो शब्द ‘दानं’ असावा, असे अनुमान केले. त्यावरून त्याने संपूर्ण वर्णमाला लावली. अजिंठ्याच्या कटहादीच्या लेखाचा शेवटचा शब्दही हाच आहे. पाचव्या शतकातील लेखांची लिपी या ब्राह्मीपासूनच विकसित झालेली, दाक्षिणात्य वळणाची आहे.

ग्रीकांचा संबंध महाराष्ट्रातील लेण्यांशी आणखी एका प्रकारे येतो. कार्ले, जुन्नर व नाशिक येथील लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांचे दान आहेत. नाशिकजवळील पांडवलेण्यांतील सतरावे लेणे दत्तामित्री येथील योनक इंद्राग्निदत्त याने खोदविले. परंतु हे सर्व लेख प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत आहेत, तसेच दात्यांची नावेही बहुधा भारतीय वळणाची आहेत. खडकावर कोरलेला ग्रीक मजकूर पाहण्यासाठी वायव्येकडे जावे लागते. अफगाणिस्तानातील कंदाहार येथे अशोकाचा ग्रीक व ॲरेमाइक अशा दोन भाषांतील शिलालेख १९५८ मध्ये सापडला. महाराष्ट्रात ग्रीक अक्षरे ठळकपणे आढळतात, ती क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर. ही अक्षरे इतकी झिजलेली व बिघडलेली होती, की सुट्या नाण्यांवरून त्यांचा अर्थ लागत नव्हता. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. एका नाण्यावर न उमटलेले अक्षर दुसऱ्यावर मिळत गेले आणि हा मजकूर ग्रीक भाषेतील नसून नहपानाच्या प्राकृत बिरुदाचेच ग्रीक अक्षरांतील लेखन आहे, हे एच्. आर्. स्कॉट यांनी दाखवून दिले. झिजलेला मजकूर अनेक प्रतींत उपलब्ध असला, तर तो एकमेकींच्या आधारे वाचता येतो, हे यावरून स्पष्ट होते. अजिंठ्याच्या लेखांना मात्र दुसरी प्रत नाही. तेथे वाचकास अन्य साधने शोधावी लागतात.

वाचनाची पद्धती : लेखाचा ठसा घेणे, ही पहिली पायरी होय. दगड कुंचल्याने स्वच्छ करून त्यावर ओला कागद पसरतात व तो कुंचल्याने हलकेच ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवितात. कागद पुरता वाळण्याआधी शाईच्या बोळ्याने त्याच्या पृष्ठभागावर शाई लावली, म्हणजे पृष्ठभाग काळा होतो व खोलगट अक्षरे पांढरी राहतात. ग्रीस व आशिया मायनरमधील ग्रीक लेखांसाठी यूरोपीय अभ्यासक जाड कागदाचा शाईविरहित ठसा घेतात. वाळल्यावर त्याच्या मागील बाजूस अक्षरे उठावात येतात व तिरप्या प्रकाशात ती वाचता येतात. दगडावरही समोरून पडलेल्या प्रकाशापेक्षा बाजूने पडलेल्या तिरप्या प्रकाशात उथळ खाचांची सावली पडून अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून एकच ओळ दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या ठशांवर पाहणे आवश्यक असते. नुसत्या नजरेने काढलेली नक्कल सर्वांत धोक्याची. कारण लिपी न जाणणारा नक्कलकार भेगाही अक्षरांबरोबर उतरून घेतो आणि लिपी जाणणारा, दगडावर नसलेले पण त्यास अपेक्षित असलेले अक्षर काढून बसतो.

दुसरे साधन छंदाचे. अजिंठ्याचे मोठे लेख पद्यात असल्याने गळालेल्या अक्षरांची संख्या मोजता येते. अनुष्टुभाच्या चरणात आठ, वसंततिलकेच्या चरणात चौदा व शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे असतात. अक्षरगणवृत्तात प्रत्येक स्थानी लघू की गुरू हेही ठरलेले असते. त्यामुळे सुचविलेला शब्द त्या जागी बसतो की नाही, याची परीक्षा होते. तिसरे साधन तुलनेचे. ठरीव शब्दयोजना असलेले दानलेख इतर लेखांवरून भरून काढता येतात. दुसऱ्या लेण्यातील रंगीत लेखांचे अवशेष हे आर्यशूराच्या जातकमाला या संस्कृत ग्रंथातील श्लोकांचे तुकडे आहेत, हे हाइन्रिख ल्यूडर्स या जर्मन पंडिताने १९०२ मध्ये ओळखले. ग्रंथ हाती असल्याने अस्पष्ट अक्षरे तर लागलीच, शिवाय भोवतालच्या चित्रांचे विषयही निश्चित झाले. घटोत्कच लेण्यातील त्रुटित लेख व अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख या दोहोंत हस्तिभोज हे सचिवाचे नाव येत असल्यामुळे दोन्ही लेण्यांमागील सचिवकुलाचा संबंध जुळला.

वाचलेला मजकूर छापताना काही संकेत पाळले जातात. दगडावर अस्पष्ट असलेले अक्षर चौकटी कंसात देतात. पूर्णपणे गळालेले व संपादकाने घातलेले अक्षर कंसात फुलीच्या चिन्हासह दाखवितात. हा भेद केवळ छपाईच्या शिस्तीचा नाही. दगडाची साक्ष कोठे संपते व संपादकाचा तर्क कोठे सुरू होतो, हे वाचकास त्यावरूनच समजते. पुढे इतिहासग्रंथांत राजाचे नाव उतरते, तेव्हा हा कंस बहुधा गळून पडतो आणि तर्काला पुराव्याचे रूप येते. सोळाव्या लेण्याच्या लेखाबाबत काहीसे असेच घडले.

पूर्वीची वाचने : १८३६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अजिंठ्याच्या काही लेखांच्या नकला प्रसिद्ध झाल्या. त्या मुख्यतः नजरेने केलेल्या असून त्यांवरून सलग अर्थ लावणे शक्य नव्हते. पद्धतशीर वाचनाचा आरंभ मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केला. व्यवसायाने वैद्य असलेल्या भाऊ दाजींनी १८६० नंतरच्या दशकात अजिंठ्याच्या लेखांचे पाठ व भाषांतरे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या काळात पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–८८) त्यांच्याकडे लेखांच्या नकला व ठसे मिळविण्याचे काम करीत असत. जुनागढच्या या पंडिताचा हात व डोळा या कामी अत्यंत विश्वसनीय होता. त्याने जेम्स बर्जेसच्या सहकार्याने पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर याने पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात अजिंठ्याचे लेख पुन्हा संपादिले. पुढील अर्धशतकाहून अधिक काळ इतिहासकारांनी हेच पाठ प्रमाण मानले.

सोळाव्या लेण्याच्या लेखातील प्रश्न : हा लेख २७ ओळींचा आहे. त्याच्या पहिल्या भागात विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंतच्या वाकाटक राजांची वंशावळ, मधल्या भागात वराहदेवाच्या घराण्याची प्रशंसा व अखेरीस भिक्षुसंघासाठी खोदविलेल्या विहाराचे वर्णन आहे. विंध्यशक्ती व त्याचा पुत्र प्रवरसेन ही पहिली दोन नावे संशयातीत होती. त्यानंतरच्या दोन राजांची नावे असलेला भाग मात्र झिजलेला होता.

या काळी वाकाटकांची माहिती शिवनी, चम्मक इ. ठिकाणच्या ताम्रपटांवरून झालेली होती. त्या ताम्रपटांत पहिल्या प्रवरसेनानंतर त्याचा नातू पहिला रुद्रसेन, त्याचा पुत्र पहिला पृथिवीषेण, नंतर दुसरा रुद्रसेन व दुसरा प्रवरसेन असा क्रम येतो. अजिंठ्याच्या लेखातही पुढे एक प्रवरसेन असल्याने, दोन प्रवरसेनांच्या मधली अस्पष्ट नावे ताम्रपटांतलीच असावीत, असे मानणे स्वाभाविक होते. त्याप्रमाणे ती रुद्रसेन व पृथिवीषेण अशी वाचली गेली. पण जुळणी पूर्ण होत नव्हती. ताम्रपटांतील दुसऱ्या रुद्रसेनास अजिंठ्याच्या लेखात जागाच नव्हती आणि पुढील देवसेन व हरिषेण ही नावे ताम्रपटांत नव्हती. तरीही एकच घराणे, एकच वंश, हे गृहीत धरल्याने या विसंगतीकडे दगडाचा दोष म्हणून पाहिले गेले. छंदाचीही येथे मदत नव्हती. रुद्रसेन व सर्वसेन या दोन्ही नावांचे लघुगुरू अगदी सारखे आहेत. दोहोंच्या दुसऱ्या अक्षरात रकार आहे. फरक एवढाच, की एकात तो खाली जोडलेला, तर दुसऱ्यात माथ्यावर रेफाच्या रूपाने आहे. माथा व तळ दोन्ही झिजलेले असता अपेक्षित नाव दिसणे कठीण नव्हते.

वाशिम ताम्रपट : १९३९ मध्ये वाशिम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. तो राजाच्या ३७ व्या राज्यवर्षातील असून वत्सगुल्म येथून दिलेला आहे. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. त्याची भाषा काही अंशी संस्कृत व काही अंशी प्राकृत आहे. त्यात पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ती असा क्रम स्पष्टपणे दिला आहे. सर्वसेन नावाचा वाकाटक राजा तोपर्यंत कोणास ठाऊक नव्हता. पहिल्या प्रवरसेनानंतर वाकाटकांच्या राज्याची विभागणी होऊन एक शाखा नागपूरजवळील नंदिवर्धन येथे व दुसरी वत्सगुल्म येथे राज्य करू लागली, हे या ताम्रपटामुळे प्रथमच कळले.

या ताम्रपटाचे महत्त्व ओळखून महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांनी अजिंठ्याच्या लेखाची पुन्हा तपासणी केली. प्रवरसेनानंतरचे नाव रुद्रसेन नसून सर्वसेन आहे व त्यापुढील नाव पृथिवीषेण नसून विंध्यसेन आहे, असे त्यांना आढळून आले. विंध्यसेन हा ताम्रपटातील दुसरा विंध्यशक्तीच होय. मिराशींचे हे संपादन हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व ग्रंथमालेत १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे वाकाटकांच्या सर्व लेखांचा त्यांनी संपादिलेला खंड भारतीय अभिलेखांच्या ग्रंथमालेत १९६३ मध्ये निघाला. १८८३ ते १९३९ या काळात दगडावरील अक्षरांत कोणताही सुधार झालेला नव्हता. उलट ती थोडी अधिकच झिजली असतील. बदलले होते ते वाचकाचे पूर्वज्ञान. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वज्ञानाच्या बळावर जुन्या संपादकांची चूक झाली आणि पूर्वज्ञानाच्या बळावरच मिराशींनी ती सुधारली. मग दुसरे वाचन पहिल्यापेक्षा अधिक ग्राह्य का? याचे उत्तर असे, की नव्या वाचनाने केवळ दोन नावे जुळली नाहीत, तर जुन्या वाचनात उरलेली विसंगतीही नाहीशी झाली. देवसेन व हरिषेण यांना वत्सगुल्म शाखेत योग्य स्थान मिळाले आणि दुसऱ्या रुद्रसेनाच्या अभावाचे कारण शोधण्याची गरज राहिली नाही. दगडावरील उरलेल्या रेषा, स्वतंत्र ताम्रपटाची साक्ष व संपूर्ण वंशावळीची सुसंगती या तिन्ही कसोट्यांस उतरणारे वाचन स्वीकारार्ह ठरते.

वाचनशुद्धीचे परिणाम : लेखात चौथ्या राजाने कुंतल देशाच्या अधिपतीस जिंकल्याचा उल्लेख आहे. जुन्या पाठानुसार हा विजय नंदिवर्धन शाखेच्या पहिल्या पृथिवीषेणाचा मानला जाई व त्यावर त्या शाखेच्या दक्षिणेकडील विस्ताराची मोठी मांडणी उभी होती. नव्या पाठामुळे तो वत्सगुल्मच्या विंध्यसेनाचा ठरला. सर्वसेनाचे नाव निश्चित झाल्याने साहित्याच्या इतिहासातही भर पडली. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी सर्वसेनाच्या हरिविजय या प्राकृत काव्याचा उल्लेख केलेला आहे. हा कवी व वत्सगुल्म शाखेचा संस्थापक राजा एकच होत, हे मत मिराशींनी मांडले व ते सामान्यतः मान्य झाले. सर्वांत मोठा परिणाम लेण्यांच्या कालनिर्णयावर झाला. उत्तरकालीन अनेक लेण्यांचा काळ पूर्वी सहाव्या-सातव्या शतकांत नेला जात असे. वत्सगुल्म शाखेचा क्रम निश्चित झाल्यावर हरिषेणाचा काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. त्याचा पिता देवसेन याच्या काळातील हिस्से-बोराळा (जि. वाशिम) येथील शिलालेखात शक ३८०, म्हणजे इ. स. ४५७-५८ हे वर्ष मिळाल्याने या कालनिर्णयास बळकटी आली. याच पायावर वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचे काम सु. ४६० ते ४८० या अल्पावधीत झाले, अशी तपशीलवार मांडणी केली. तिच्याविषयी मतभेद असले, तरी लेणी हरिषेणाच्या काळाशी निगडित आहेत, हा त्या चर्चेचा समान आधार आहे.

भरून न येणाऱ्या जागा : काही ठिकाणी मात्र लेख कायमचे त्रुटित राहिले आहेत. सोळाव्या लेण्याच्या लेखात दुसऱ्या प्रवरसेनानंतर आठव्या वर्षी गादीवर आलेल्या राजाचे वर्णन आहे. पण त्याचे नाव गळालेले आहे. हरिषेणाच्या वर्णनात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र या सात देशांची नावे येतात. पण त्या वाक्यातील क्रियापदच नष्ट झाले आहे. हरिषेणाने हे देश जिंकले, त्यांच्याकडून खंडणी घेतली, की तेथे त्याचा केवळ प्रभाव होता, हे त्या एका शब्दावर अवलंबून होते. मिराशींनी या ठिकाणी विजयाचा अर्थ घेतला व माळव्यापासून आंध्रापर्यंतचे हरिषेणाचे साम्राज्य त्यावरून अनेक ग्रंथांत वर्णिले गेले. देशांची नावे ही दगडाची साक्ष आहे. साम्राज्य हे मात्र संपादकाने पुरविलेल्या क्रियापदाचे फळ होय. प्रशस्तिलेखांत राजाच्या पराक्रमाची अतिशयोक्ती असते, हे लक्षात घेता ते क्रियापद सापडले असते, तरी त्याचा शब्दशः अर्थ घेणे धाडसाचेच ठरले असते.

सतराव्या लेण्याच्या लेखात याहून वेगळ्या प्रकारची उणीव आहे. त्यात एका मांडलिक घराण्याच्या अनेक पिढ्या दिल्या असून कृष्णदास या राजाच्या दोन पुत्रांचा उल्लेख आहे. धाकटा रविसांब अकाली मरण पावला. त्या शोकाने थोरल्या भावाचे मन संसारातून निघून दानधर्माकडे वळले व त्याने हा विहार खोदविला. धाकट्याचे नाव दगडावर टिकले. ज्याने विहार खोदविला, त्याचे नाव मात्र झिजून गेले. स्पिंक याने त्यास उपेंद्रगुप्त म्हटले आहे. हे नाव त्याच घराण्यातील एका पूर्वजाचे म्हणून लेखात येते. अजिंठ्यातील सर्वांत सुंदर चित्रे ज्या लेण्यात आहेत, त्याच्या दात्याचे नाव अशा प्रकारे अनुमानाचा विषय झाले आहे.

ठशांचे महत्त्व : लेख झिजत राहतात, पण ठसा झिजत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील ठसे व त्यांच्या छापील प्रतिकृती यांस आता मूळ साधनांचे मोल आले आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या म्हैसूर येथील अभिलेख शाखेत देशातील लेखांचे असे ठसे जतन केले जातात. अलीकडे निरनिराळ्या कोनांतून प्रकाश टाकून घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र करून पुसट खाचा अधिक स्पष्ट करण्याचे तंत्र जगात सर्वत्र वापरात आले आहे. त्यात दगडास स्पर्शही करावा लागत नाही. रंगीत लेखांचे वाचनही चालू राहिले. गुलाम याझदानी यांच्या अजिंठाविषयक ग्रंथासाठी नि. प्र. चक्रवर्ती व ब. चं. छाब्रा यांनी ते वाचले व १९६८ मध्ये म. के. ढवळीकर यांनी काही नवे लेख प्रसिद्ध केले. साधने सुधारली, तरी मुख्य प्रश्न तोच राहतो : डोळ्यांना दिसणारी रेघ कोणती व मनाने ओढलेली कोणती? सोळाव्या लेण्यातील दोन नावांना योग्य ती ओळख मिळण्यास वाशिमच्या भूमीतून एक ताम्रपट निघावा लागला. तोपर्यंतचे सर्व वाचक विद्वान व सावध होते. तरीही त्यांनी तेथे त्यांना आधीच ठाऊक असलेले राजे वाचले. म्हणून झिजलेल्या लेखाचा पाठ हा अंतिम निर्णय नसून उपलब्ध पुराव्यावरील मत असते. नवा ताम्रपट, नवे नाणे किंवा नवा ठसा यांमुळे त्यात बदल होऊ शकतो. असा बदल करता यावा, यासाठीच दगडावर काय आहे व काय नाही, याची प्रामाणिक नोंद प्रत्येक पिढीने पुढील पिढीच्या हाती द्यावयाची असते.